टरफल अलगद निघेल असं अंडं कसं उकडायचं

साताऱ्याकडच्या आमच्या गावी एकदा पंधरा माणसांसाठी अंड्याचा रस्सा करायचा होता. चुलत सासूबाईंनी घरच्या खुराड्यातली आणि शेजारपाजारून जमवलेली तीस गावरान अंडी टोपलीत घालून माझ्यापुढे ठेवली. "आजची-कालचीच आहेत गं सगळी, जुनं एक नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. मी ती मोठ्या पातेल्यात गार पाण्यात घातली, चुलीवर चढवली, चांगली उकळली आणि निवल्यावर सोलायला बसले. टरफलाच्या प्रत्येक कपचीबरोबर पांढऱ्या बलकाचा लचका निघून येत होता. तिसातली धड अशी सहा-सात हाती लागली. बाकीची कुस्करून रश्श्यात घालावी लागली. अंडीच वाईट निघाली असं सासूबाईंना वाटलं, ते मला फार लागलं. अंडी उत्तम होती. इतकी ताजी होती, म्हणूनच सोलली जात नव्हती.

तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतला. आज माझ्याकडे दहातली नऊ अंडी गुळगुळीत निघतात. त्यासाठी दोनच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या आहेत: अंडं किती दिवसांचं आहे, आणि ते गार पाण्यात पडतं की उकळत्या. मीठ, सोडा, व्हिनेगर, टाचणी यांचा क्रम त्यानंतर, आणि बराच नंतर.

चिकटतं कुठे आणि का

अंड्याच्या टरफलाला आतून दोन पातळ पापुद्रे असतात. अंडं घातलं जातं तेव्हा कोंबडीच्या अंगाइतकं गरम असतं. ते निवताना आतला ऐवज आकसतो आणि जाड टोकाकडे या दोन पापुद्र्यांच्या मध्ये हवेची छोटी पोकळी तयार होते. ही पोकळी लक्षात ठेवा, सोलताना तिथूनच सुरुवात करायची आहे. आतल्या पापुद्र्याला लागून पांढरा बलक असतो, आणि सगळी भानगड या दोघांच्या चिकटण्याची आहे.

ताज्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यामुळे त्याचा पीएच (आम्ल-अल्कपणा मोजायचं माप) कमी, साधारण ७.६ ते ८ च्या आसपास असतो. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून हा वायू हळूहळू बाहेर पडतो आणि काही दिवसांत पीएच ९ च्या वर जातो. पीएच कमी असताना बलक शिजला की पापुद्र्याला घट्ट धरून बसतो, वाढलेला असताना ती पकड सैल होते. त्याच छिद्रांतून ओलावाही उडत असतो, म्हणून अंडं जुनं होईल तशी जाड टोकाची पोकळी मोठी होत जाते आणि सोलायला बोट घालायला जागा मिळते.

दुसरं कारण आचेचं आहे. गार पाण्यातलं अंडं हळूहळू तापतं. बाहेरच्या थरातला बलक सावकाश घट्ट होतो आणि तेवढ्या वेळात पापुद्र्याशी त्याची चांगली गाठ बसते. तेच अंडं उकळत्या पाण्यात पडलं, तर बाहेरचा थर काही क्षणांत आवळला जातो आणि पापुद्र्याला धरायची संधी त्याला मिळत नाही. तांदूळ आपण आधणात वैरतो ना, तसंच अंडंही आधणात सोडायचं. माझ्या आईपासून सगळ्यांना मी अंडी गार पाण्यात ठेवूनच उकडताना पाहिलंय, आणि ही एक सवय बदलली की निम्म्याहून जास्त त्रास संपतो.

अंडी कोणती घ्यायची

सात ते दहा दिवसांची, फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी सोलायला सगळ्यात सोपी. शहरात दुकानातून आणलेली पांढरी अंडी मुळातच काही दिवसांची असतात. महाराष्ट्रात विकली जाणारी बरीच अंडी तेलंगण, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूकडून ट्रकने येतात, मग घाऊक बाजार, मग किराणा दुकान. आपल्या हाती येईपर्यंत त्यांचं वय वाढलेलंच असतं. त्यामुळे दुकानातलं अंडं घरी आणून दोन-चार दिवस ठेवलं तरी पुरतं.

गावरान अंड्यांची गोष्ट वेगळी. ती थेट खुराड्यातून येतात. उकडायचीच असतील तर आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये थांबवा. थंडीच्या दिवसांत चार-पाच दिवस बाहेर टोपलीत ठेवलीत तरी चालतं. बाहेर अंडं लवकर जुनं होतं, पण एप्रिल-मे महिन्यात हा प्रयोग करू नका. मी टरफलावर पेन्सिलने तारीख लिहून ठेवते. घरात दोन वेगवेगळ्या दिवशी आणलेली अंडी असली की याचा फार उपयोग होतो: नवी ऑम्लेटला, जुनी उकडायला. अगदी ताज्या अंड्याचं हाफ फ्राय किंवा ऑम्लेट इतकं सुंदर होतं की ते उकडायला घालवू नये, हे माझं प्रामाणिक मत आहे.

वय माहीत नसेल तर पातेल्यात पाणी घेऊन अंडं सोडून बघा. तळाला आडवं पडलं तर ताजं. जाड टोक थोडं वर उचलून तिरकं राहिलं तर आपल्याला हवं तसं. उभं राहिलं तर बरंच जुनं आहे, ते फोडून वास घेऊन लगेच दुसऱ्या कशात तरी संपवा. तरंगलं तर टाकून द्या.

एक सूचना. अंडी घरी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका. टरफलावर एक नैसर्गिक लेप असतो, तो छिद्रं झाकून ठेवतो. धुतलं की तो जातो. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि उकडायच्या आधी धुवा.

उकडायची कृती

आधी अंडी फ्रिजमधून काढून साध्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. फ्रिजमधलं थंडगार अंडं एकदम उकळत्या पाण्यात गेलं की तडा जातो. आतल्या पोकळीतली हवा अचानक फुगते आणि तिला छिद्रांतून बाहेर पडायला वेळ मिळत नाही. अंडं पाण्यात सोडल्यावर जाड टोकाकडून बारीक बुडबुड्यांची माळ निघताना दिसते, ती हीच हवा.

सहा अंड्यांना पातेल्यात दीड ते दोन लिटर पाणी घ्या. पाण्यात कंजूषी करू नका. पाणी कमी असलं की अंडी पडताच ते थंडावतं, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो आणि गार पाण्यातून सुरुवात केल्यासारखंच होतं. अंडी बुडून वर दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे.

झाकण ठेवून आधण येऊ द्या. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे आधण आलं असं नाही, पाणी मधोमध खळखळलं पाहिजे. मग आच मध्यम करा आणि झाऱ्यावर एकेक अंडं घेऊन पाण्यात अगदी तळापर्यंत नेऊन सोडा. वरून टाकलंत तर तळाला आपटून फुटेल. सहापेक्षा जास्त अंडी असतील तर तारेच्या टोपलीत किंवा मोठ्या चाळणीत घालून सगळी एकदम उतरवा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात वेळेचा फरक पडत नाही.

अंडी सोडून झाली की पहिलं अर्धं मिनिट आच पुन्हा मोठी करा. उकळी परत आली की कमी करा, इतकी की पाणी उकळत राहील पण अंडी एकमेकांवर आदळणार नाहीत. पहिली दोन मिनिटं झाऱ्याने अंडी हलकेच फिरवत राहिलात तर पिवळा बलक मधोमध राहतो. जुन्या अंड्याचा पांढरा बलक पातळ झालेला असतो आणि पिवळा एका बाजूला सरकतो. सोलायला सोप्या अंड्याची ही एक अडचण आहे. कापून दोन फाका मांडायच्या असतील तर हे फिरवणं विसरू नका. रश्श्यात अख्खी सोडायची असतील तर नाही फिरवलं तरी चालेल.

किती मिनिटं

वेळ अंडं पाण्यात पडल्यापासून मोजायची. आपल्याकडचं दुकानातलं अंडं साधारण ५० ते ५५ ग्रॅमचं असतं, परदेशी पाककृतींमधलं बरेचदा त्याहून मोठं. त्यामुळे तिथल्या वेळा जशाच्या तशा घेतल्या की अंडं जास्त शिजतं. फ्रिजमधून काढून साध्या पाण्यात ठेवलेल्या अशा अंड्याला १० मिनिटांत पिवळा बलक पूर्ण घट्ट होतो. ८ मिनिटांत कडेने घट्ट आणि मध्ये किंचित ओलसर राहतो. थेट फ्रिजमधून काढलं असेल तर एक-दीड मिनिट वाढवा. गावरान अंडं लहान असतं, त्याला ९ मिनिटं पुरतात. बदकाचं अंडं मोठं, त्याला १३ ते १४.

मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे पाणी १०० अंशांना उकळतं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे ते ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वर त्याच्या दुपटीहून जास्त उंच, तिथे ९५-९६ अंशांनाच उकळी येते. पुण्यात अर्धं मिनिट आणि महाबळेश्वर-पाचगणीला मिनिट-दीड मिनिट जास्त द्या. सहलीला गेल्यावर तेच अंडं मध्ये कच्चं का राहिलं, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

जास्त वेळ उकळल्याने सालं सोपी निघतात असा एक समज आहे. तो खरा नाही. उलट पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडी कड येते. पांढऱ्यातल्या गंधकाचा वायू आणि पिवळ्यातलं लोह मिळून ती बनते. अपायकारक नाही, पण वास येतो आणि बलक भुसभुशीत, कोरडा लागतो. रश्श्यात अंडं पुन्हा शिजणार असतं, म्हणून मी रश्श्यासाठी ९ मिनिटांवरच थांबते.

गार करणं

वेळ झाली की थांबू नका. गरम पाणी ओतून द्या आणि अंड्यांवर गार पाणी घाला. ते कोमट झालं की बदला, असं दोन-तीन वेळा. बर्फ असेल तर उत्तमच. अंडी निदान दहा-पंधरा मिनिटं त्या पाण्यात राहू द्या. याने शिजणं जागीच थांबतं, हिरवी कड येत नाही आणि पांढरा बलक इतका घट्ट होतो की बोटाच्या दाबाने फाटत नाही. गरम अंडं घाईने सोलायला घेतलं की फाटतं ते याचमुळे.

उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात भाजेल इतकं तापलेलं येतं. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसांत नळावर विसंबू नका, माठातलं पाणी घ्या किंवा सकाळीच एक पातेलं भरून फ्रिजमध्ये ठेवा.

सोलणं

अंड्याचं जाड टोक ओट्यावर हलकेच टिचवा. तिथे पोकळी असल्याने टरफल आत दबतं, बलकाला धक्का लागत नाही. मग अंडं आडवं करून तळव्याखाली हलक्या दाबाने एकदा पुढे, एकदा मागे लोळवा. टरफलावर जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या पाहिजेत. फार दाबलंत तर आतलं अंडंही चिरतं.

आता जाड टोकापासून सुरुवात करा, आणि इथे एकच गोष्ट सांभाळायची: नुसतं टरफल सोलायचं नाही, अंगठ्याच्या पेराने पापुद्रा पकडायचा. पापुद्रा हातात आला की त्याला चिकटलेलं टरफल पट्टीसारखं आपोआप सुटत जातं. पापुद्रा अंड्यावरच राहिला तर एकेक कपची नखाने टोकरत बसावं लागतं.

हे सगळं पाण्याने भरलेल्या भांड्यात, अंडं बुडवून करा. पाणी पापुद्रा आणि बलक यांच्यामध्ये शिरतं आणि दोघांना वेगळं करतं. बारीक कपच्याही तिथल्या तिथे धुतल्या जातात. नळाखाली धरलं तरी काम होतं, पण पाणी फार वाया जातं. भांड्यातलं तेच पाणी दहा अंड्यांना पुरतं.

पूर्ण घट्ट उकडलेल्या अंड्यासाठी आणखी एक युक्ती आहे. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात एक अंडं आणि दोन बोटं पाणी घालून पाच-सहा वेळा हलवा. टरफल सगळीकडून तडकतं आणि बरेचदा एका ओढीत निघतं. माझ्या मुलाला हे काम फार आवडतं. मध्ये ओलसर ठेवलेलं अंडं मात्र असं हलवू नका, फुटेल.

अंडी जास्त असतील, किंवा ताजीच असतील

वीस-तीस अंड्यांसाठी माझी पहिली पसंती मोदकपात्राला. खाली पाणी उकळून वाफ धरली की जाळीवर अंडी मांडायची, झाकण लावायचं आणि १२ मिनिटं मोजायची. वाफ अंड्याला लागताच बाहेरचा थर आवळते, म्हणजे आधणाचंच काम, आणि अंडी पाण्यात आदळत नसल्याने फुटण्याचं प्रमाण कमी. इडलीपात्रही चालतं. साचे काढून त्यात स्टीलची चाळणी ठेवायची. अगदी कालची अंडी उकडणं भागच असेल, तर वाफेची ही रीतच वापरा. दहातली सहा-सात तरी चांगली निघतात, गार पाण्यातून उकडलेल्या ताज्या अंड्यांपेक्षा कितीतरी बरी.

कुकरमध्येही अंडी होतात. तळाला पेलाभर पाणी, त्यावर जाळी, जाळीवर अंडी. मध्यम आचेवर एक शिट्टी, गॅस बंद, पाच मिनिटांनी वाफ पूर्ण उतरल्याची खात्री करून झाकण काढायचं आणि अंडी लगेच गार पाण्यात. सालं छान निघतात, पण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळी होते, त्यामुळे बलक हवा तितकाच शिजेल याचा भरवसा नाही. पहिल्या वेळी दोनच अंडी लावून आपल्या कुकरचा अंदाज घ्या. मायक्रोवेव्हमध्ये टरफलासकट अंडं कधीही ठेवू नका. आत वाफ कोंडून ते फुटतं, कधी कधी बाहेर काढल्यावर हातात.

मीठ, सोडा, व्हिनेगर, टाचणी

मीठ किंवा चमचाभर व्हिनेगर घातल्याने साल सुटत नाही. अंड्याला तडा गेला तर बाहेर येणारा बलक लवकर गोठतो आणि पाण्यात पसरत नाही, एवढाच त्यांचा फायदा. जुन्या पातळ टरफलाच्या अंड्यांना मी मीठ घालते ते याचसाठी. खाण्याच्या सोड्यामागचा विचार बरोबर आहे, पीएच वाढवायचा. पण दहा मिनिटांत टरफलापलीकडे तो कितीसा पोहोचणार? मला त्याने फरक जाणवला नाही, उलट गंधकासारखा वास वाढला आणि ॲल्युमिनियमचं पातेलं आतून काळं पडलं. जाड टोकाला टाचणीने भोक पाडल्याने पोकळीतली हवा निघायला वाट होते आणि अंडं फुटायची शक्यता थोडी कमी होते. सोलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

तरीही चिकटलं तर

ओढाताण करू नका. अंडं टिचवून, भेगा पाडून गार पाण्यात आणखी दहा मिनिटं ठेवा. भेगांतून पाणी आत शिरतं आणि बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. मग चहाचा चमचा, पोट बलकाकडे करून, पापुद्र्याखाली सरकवा आणि अंड्याच्या गोलाईवरून फिरवा. तरीही खड्डे पडलेच, तर ती अंडी किसणीवर किसून कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबिरीबरोबर परता. पावाबरोबर सुरेख लागतात, आणि त्या दिवशी गावी मला हे सुचलं असतं तर रस्सा नीट झाला असता.

ठेवायची कशी

डब्यासाठी आदल्या रात्री उकडायची असतील तर टरफलासकट फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर टिकतात. सोललेली मी दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवते, झाकणाच्या डब्यात, नाहीतर फ्रिजभर वास होतो. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि कडक उन्हाळ्यात एक तासही पुष्कळ. मुलांच्या डब्यात अंडं द्यायचं तर उन्हाळ्यात मधल्या सुट्टीपर्यंत किती वेळ जातो याचा हिशेब करा.

आणि रश्श्यासाठी सोललेल्या अंड्यांबद्दल एक शेवटचं. त्यांना सुरीने उभ्या तीन-चार उथळ चिरा द्या, पिवळ्यापर्यंत जाणार नाहीत अशा, आणि मगच हळद-तिखट लावून तेलात परता. चिरा न देता परतलं तर आत वाफ कोंडून अंडं तडतडतं आणि तेल अंगावर उडतं. चिरांतून नंतर मसालाही आत मुरतो. वाटण तेल सोडेपर्यंत परतून, पाणी घालून रश्श्याला चांगली उकळी आली, तर्री वर आली, की अंडी अगदी शेवटी सोडा आणि पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा.